एकोणीस बोरिंगांची यादी

बुधवारी सकाळी साडेनऊला फरहत शेखला असं वाटत होतं, की कोटरा गाव, भोवतालचं सगळं जंगल आणि पुरानं माजलेली नदी, हे सगळंच्या सगळं तिच्या दहा बोटांवर उभं आहे. पंधरा वर्षांच्या मुलीला असं वाटू नये असा काही नियम नाही. आणि त्या दिवशी तर ते थोडंफार खरंही होतं.

कोटरा म्हणजे नागभीडपासून एस.टी.नं दीड तासावरचं बाजाराचं गाव. २००९च्या पोळ्याला नदी पात्र सोडून बाहेर आली, चार दिवस गावोगाव हिंडली आणि परत गेली. जाताना मागं चिखल ठेवला, मेलेल्या कोंबड्या ठेवल्या आणि गॅस्ट्रो ठेवला. जंगलातल्या टोल्यांवर, म्हणजे पाड्यांवर, घरटी एक माणूस हगवण-उलटीनं अंथरुणाला खिळलं. मोबाइलचा टॉवर डिझेल संपून मुका झालेला. आरोग्य खात्याच्या कचेरीतला कॉम्प्युटर टेबलासकट पाण्यात बसला होता, आणि कोणत्या गावात किती आजारी, कुठल्या बोरिंगचं, म्हणजे हातपंपाचं, पाणी खराब, हे चंद्रपूरच्या डॉक्टरांना कळवायचं कसं, या चिंतेत आरोग्य सेवक श्रावणभाऊ सायकल हातात धरून स्टँडवर उभा होता.

स्टँडसमोरच्या उंच ओट्यावर फरहतच्या अब्बांचं दुकान होतं. कय्यूमभाईंचं नेट कॅफे आणि झेरॉक्स. कॉम्प्युटर दोन, त्यातला एक रुसका. पण टेलिफोनची तार शाबूत होती आणि इन्व्हर्टर चालू होता. फरहतनंच श्रावणभाऊला हाक मारली होती.

"भाऊ, तुमच्या खबरी मले द्या. मी वेबसाइट बनवतो."

"कचेरीतला कॉम्प्युटर बुडाला ना वो पोट्टी. मंग वेबसाइट कुठी राहीन?"

"ती इथी नसतेच. फुकटात मिळते. दूर कुठंतरी परदेशात मोठाले कॉम्प्युटर असतात, त्यायच्यात राह्यते. आपलं दुकान बुडालं तरी ती बुडत नाई. क्लाउड म्हणतात त्याले. म्हणजे ढग."

श्रावणभाऊनं वर आभाळाकडं पाहिलं. "पुन्हा ढगच का बाप्पा! आत्तापर्यंत काय कमी होते?"

हसला खरा, पण सोमवारपासून तो रोज येऊन बसू लागला. तो सांगायचा, फरहत लिहायची. सलाइन कुठं आहे, कोणता रस्ता तुटला, कोणत्या गावाला डॉक्टर पाहिजे. दुसऱ्याच दिवशी चंद्रपूरहून एका डॉक्टरांनी ई-मेल पाठवला, की तुमच्या पानावर वाचून आम्ही दोन गाड्या योग्य रस्त्यानं पाठवल्या, शाबास. फरहतनं ते 'शाबास' अम्मीला वाचून दाखवलं, शेजारच्या आपाला वाचून दाखवलं, आणि मग एकटीनंच आणखी चारदा वाचलं. गेल्या वर्षी वर्गात उत्तर येत असून हात वर न करणारी हीच मुलगी, असं कोणाला सांगितलं असतं तर पटलं नसतं.

बुधवारी श्रावणभाऊ सगळ्यात मोठी खबर घेऊन आला. एकोणीस गावांतल्या बोरिंगांचं पाणी त्यानं सोमवारी लहान लहान बाटल्यांत भरलं होतं. बाटलीत औषध असतं. दीड-दोन दिवसांत पाणी काळं पडलं तर ते खराब, नाही पडलं तर चांगलं. पाच बाटल्या काळ्या पडल्या होत्या, चौदा साफ. त्यानं डायरी फरहतसमोर ठेवली.

"हे टाक वेबसाइटवर. आन् दहाच्या गाडीत कागद देऊन दे. गावात कुठी हाय इंटरनेट? पत्रूभाऊ वाटीन."

पत्रूभाऊ म्हणजे कोटरा-कुसुमटोला गाडीचा कंडक्टर. त्या रस्त्यावर पत्र, औषध, कोंबडी, निरोप, सगळं त्याच्याच हातून जायचं.

श्रावणभाऊ सायकलवर टांग टाकून पुढच्या गावाला निघून गेला. फरहतनं भराभरा यादी टाइप केली. एका रकान्यात गाव, दुसऱ्यात 'चांगलं' नाहीतर 'खराब'. आणि मग तिला वाटलं, अरेच्चा, ही गावं कशीही लिहिलीत, ज्या क्रमानं भाऊची सायकल फिरली त्या क्रमानं! कोणाला आपलं गाव सापडणार कसं? तिनं गावांचा रकाना निवडला आणि कॉम्प्युटरला हुकूम सोडला, की लाव अ-आ-इ-ई नं. कॉम्प्युटरनं मधेच इंग्रजीत एक चौकट काढून काहीतरी विचारलं. "हो रे बाबा, हो," म्हणत फरहतनं खालच्या ओळीवर टिचकी मारली. गावं कशी शाळेतल्या पोरांसारखी ओळीनं उभी राहिली! तिनं वर लाल ठळक अक्षरात 'शासकीय सूचना' असं लिहिलं. कोणी सांगितलं नव्हतं, पण शोभून दिसत होतं. वेबसाइटवर चढवलं, चाळीस प्रती काढल्या, आणि पत्रूभाऊच्या हातात गठ्ठा दिला तेव्हा गाडीचा हॉर्न वाजत होता.

"कुसुमटोल्यात ललितालेच द्या हो पहिला कागद," ती ओरडली. "माही मैत्रीण हाय. हॉस्टेलची. पोळ्याले घरी गेली न् तिथीच अडकली."

"देतो ना वो. तुही ललिता काय न् कलेक्टर काय, माह्या गाडीत सगळे सारखेच."

गाडी गेली. कुसुमटोल्याच्या नावापुढं 'चांगलं' होतं, म्हणून फरहतला आणखीच बरं वाटलं.

सव्वाअकरा झाले असतील. मोहटोल्याचे इतवारीबाबा रेशनकार्डाची झेरॉक्स काढायला चिखल तुडवत आले. ओट्यावर टेकले, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं, आणि भिंतीवर फरहतनं हौसेनं चिकटवलेली यादी बघून म्हणाले, "पोरी, आमचं गाव हाय का त्याच्यात?"

"हाय ना बाबा! मोहटोला, चांगलं. प्या बिनधास्त."

म्हाताऱ्यानं यादीकडं पुन्हा एकदा पाहिलं. मग हळूच म्हणाला, "चांगलं काऊन लिव्हलं?"

"तपासलं ना बाबा. बाटलीत."

"ते मले ठाव हाय. श्रावण मुक्कामाले माह्याच घरी होता. बाटली माह्याच घरी ठेवून गेला. काल संध्याकाळी काळीकुट्ट झाली, माह्या डोळ्यादेखत. मीच त्याले जाऊन सांगतलं. आमच्या गावात कोणी त्या बोरिंगले हात लावत नाई."

फरहत हसली. म्हाताऱ्याचं काहीतरी चुकत असणार. तरी तिनं डायरी उघडली. मोहटोला. पुढं श्रावणभाऊच्या तिरक्या अक्षरात: काळी.

तिनं पडद्यावर पाहिलं. मोहटोला: चांगलं.

डायरी. कुसुमटोला: काळी. पडद्यावर, चांगलं.

डायरी. जांभूळहेटी: काळी. पडद्यावर, चांगलं.

गावं हलली होती आणि 'चांगलं-खराब' जागचे हलले नव्हते. तिनं एकच रकाना हुकमानं उभा केला होता आणि दुसरा आपला तसाच, ज्याच्या नशिबात जो शेजारी आला त्याच्यापुढं उभा. कॉम्प्युटरनं तेच तर विचारलं होतं, इंग्रजीत, की शेजारचा रकानाही सोबत हलवू, की एवढाच? आणि 'हो रे बाबा' म्हणत तिनं न वाचताच 'एवढाच'वर टिचकी मारली होती.

"अब्बा," ती म्हणाली. मग आवाज एवढ्या मोठ्यानं निघाला की इतवारीबाबा दचकून उठले. "अब्बा!"

कय्यूमभाई आतून लॅमिनेशनची गरम पट्टी हातात घेऊनच आले. फरहतनं सांगितलं. सांगता सांगता बोटं चालवून यादी दुरुस्तही केली; एक मिनिट लागलं, फार तर दीड. परदेशातल्या त्या मोठाल्या कॉम्प्युटरांनी जगभरच्या लोकांसाठी पान बदलून टाकलं. चंद्रपूरच्या डॉक्टरांसाठी बदललं, नागपूरसाठी बदललं. आणि कोटऱ्याच्या जंगलात चाळीस कागद 'शासकीय सूचना' असं लाल डोकं मिरवत चालले होते, त्यांना कोणी काही कळवणार नव्हतं.

"फोन?" अब्बा म्हणाले.

"कुठी करू? टॉवर बंद हाय."

"श्रावणभाऊ?"

"सायकलवर. कुठी ते ठाव नाई." तिनं नवीन यादी छापायला टाकली. प्रिंटर एक एक कागद असा काढत होता जसं काही त्याला कुठंच जायचं नव्हतं. "अब्बा, खराब पाच होते. दोन गावायपुढं नशिबानं खराबच आलं. मोहटोल्याले माहीत हाय. राह्यले कुसुमटोला न् जांभूळहेटी. ते पिऊन राह्यले असतील, अब्बा. माह्यामुळं पिऊन राह्यले असतील!"

कय्यूमभाई कमी बोलणारे. त्यांनी पट्टी खाली ठेवली, टोपी नीट केली आणि लुना बाहेर काढली. "बैठ."

लुना म्हणजे त्यांच्या लग्नाच्या आधीची. चढावर पायडल मारावं लागे आणि उतारावर तिच्या मनाला येईल तसं. तरी त्या दिवशी तिनं काय धाव घेतली! पिपरहेटीच्या थांब्यावर त्यांनी पहिला कागद पाहिला, बाभळीच्या काट्याला टोचलेला. फरहतनं तो ओढून फाडला आणि नवा टोचला. पिपरहेटीचं पाणी खरं म्हणजे चांगलं होतं, पण कागदावर खराब. तिथली एक बाई म्हणाली, "म्हणजे आमी सकाळपासून उगाचंच तहानलेले का वो?" आणि हसली. फरहतला हसू आलं नाही. अजून दोन थांबे, अजून दोन कागद. प्रत्येक ठिकाणी तेच: "हा जुना खोटा हाय, हा नवा खरा." आणि प्रत्येक ठिकाणी लोकांचं तेच बघणं, एकदा लाल अक्षरांकडं, एकदा चिखलानं माखलेल्या पोरीकडं.

नाल्यावर पोहोचले तेव्हा रपट्यावरून, त्या ठेंगण्या पुलावरून, गुडघाभर पाणी वाहत होतं. कय्यूमभाईंनी लुना घातली. मधोमध गेल्यावर ती एकदा खोकली आणि गप्प झाली. दोघांनी ढकलत पलीकडं नेली, पण तिच्या पोटात पाणी गेलं होतं. अब्बांनी पन्नास पायडलं मारली. मग थांबले.

"किती राहिलं?"

"तीन-चार किलोमीटर."

दोघं चालू लागले. खरं म्हणजे फरहत पळत होती आणि अब्बा मागून तिचं नाव घेत होते. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. कुसुमटोल्यात लोक बोरिंगचं पाणी सोमवारपासून पीत नव्हते. श्रावणभाऊनं सांगितलं होतं, बाटलीचा निकाल येईपर्यंत नाल्याच्या वाळूत झिरा खोदा, ते पाणी उकळा आणि प्या. लोक ऐकत होते. निकालाची वाट बघत होते. निकाल तिनं पाठवला होता.

वळणावर एस.टी. समोरून आली. परतीची गाडी! फरहत रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभी राहिली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला आणि दरवाजातून पत्रूभाऊ वाकला.

"अवो मरतं का वो पोट्टे! काय झालं?"

"कागद! भाऊ, कागद कुठी हायेत?"

"वाटले ना सगळे!" पत्रूभाऊचा चेहरा फुलला. "एक नाई उरला. गाडीत वाचूनबी दाखवले. कुसुमटोल्यात तुह्या मैत्रिणीच्या हातातच दिला. जांभूळहेटीची बुधरी भेटली गाडीत, तिच्यासंग तिकडचाबी धाडला. आता दोन कोस चालत जाऊन राह्यली असन ती. ऑर्डर म्हणजे ऑर्डर!"

तोवर अब्बाही पोहोचले. अब्बांनी सांगितलं. पत्रूभाऊच्या चेहऱ्यावरचं फूल असं कोमेजलं, की बघवेना. तो ड्रायव्हरकडं वळला.

"गाडी फिरव."

"टायमिंग?"

"टायमिंगची जबाबदारी माही. मी वाटले, मीच गोळा करतो. फिरव म्हणतो ना!"

मागच्या बाकावरून कोणी कुरकुरलं, की आम्हाला नागभीडची रेल्वे पकडायची आहे. पत्रूभाऊ फक्त म्हणाला, "तुमची रेल्वे उद्याबी येते." अरुंद रस्त्यावर गाडी सात वेळा पुढं-मागं झाली तेव्हा कुठं वळली.

कुसुमटोल्याच्या बोरिंगवर बाया रांगेत उभ्या होत्या. सोमवारपासूनची सगळी तहान, सगळी धुणी, सगळी भांडी एकदम आली होती. एक जण दांडा मारत होती आणि बाकीच्या गप्पा मारत होत्या, कारण आता वाळूत खड्डे करायला नको, सरपण जाळायला नको. फरहत गाडी थांबायच्या आधीच उतरली आणि दांड्याला लोंबकळली.

"पिऊ नका! खराब हाय! यादी चुकली!"

बाया थांबल्या. गावचा कोतवाल बुधू गळ्यात डफडं अडकवून तिथंच उभा होता. दवंडी त्यानंच दिली होती, नुकतीच, चारही गल्ल्यांत.

"काऊन खराब?" तो म्हणाला. "हे पाय. शासकीय सूचना. लाल अक्षरात हाय."

"ते मीच लिव्हलं, काका."

"तू लिव्हलं? मंग सरकारनं काय लिव्हलं?" बाया हसल्या. कोतवालाला राग आला. "मी कागदावरून दवंडी देल्ली. आता एका पोट्टीच्या म्हणण्यावरून फिरवू का? उद्या तिसरी येईन, ती अजून काही म्हणन. लोक मले दगड मारतील."

फरहतनं नवा कागद पुढं केला. त्यानं दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. नव्या कागदावर घाईत लाल डोकं छापायचं राहून गेलं होतं. "हा तर साधाच हाय," तो म्हणाला.

तिनंच त्या खोट्या कागदाला सरकारचा सदरा घातला होता, आणि आता तो सदरा तिच्याहून खरा झाला होता.

"ललिता कुठी हाय?"

कोणीतरी बोट दाखवलं.

ललिता मडावी घराच्या पडवीत होती. हॉस्टेलात दोन वेण्या घालून फरहतला गणितं समजावणारी ललिता, आज केस मोकळे आणि डोळे आत गेलेले. तिच्यासमोर खाटेवर तिची आई अन्नपूर्णाबाई होती. होती म्हणजे खाटेला चिकटून उरली होती. गाल बसलेले, ओठ पांढरे, बोटांच्या टोकांची कातडी धुऊन वाळत घातलेल्या कापडासारखी सुरकुतलेली. ललिताच्या हातात पितळी गिलास होता.

"फरहत!" तिच्या चेहऱ्यावर एवढा उजेड आला, की फरहतला तोंड फिरवावंसं वाटलं. "तू इथीपर्यंत आली? तुहा कागद भेटला ना. मीच सगळ्यायले सांगतलं, माह्या मैत्रिणीनं लिव्हलं हाय, प्या म्हणून. रात्रीपासून आईची उलटी थांबून नाई राह्यली. झिऱ्याचं पाणी उकळायले आता सरपणबी ओलं. पण तुहा कागद आला न् मी बोरिंगवर पळाली. मीठ-साखरेचं पाणी करून पाजून राह्यली. तीन गिलास झाले. हा चौथा."

खाटेवरून अन्नपूर्णाबाईंनी हात थोडा उचलला. "येर," त्या म्हणाल्या. गोंडीत पाणी मागत होत्या. ललितानं गिलास त्यांच्या ओठाशी नेला.

फरहतनं झडप घालून तो हिसकावला. पाणी दोघींच्या अंगावर सांडलं.

"पागल झाली का वो!"

"ते खराब हाय, ललिता. काळी बाटली तुमच्याच बोरिंगची होती. यादी मी चुकवली. मी. बाकी कोणी नाई." आता सुरुवात झाली होती तर सगळं बाहेर पडू लागलं, रकाना, चौकट, टिचकी, लाल अक्षरं. अर्धं ललिताला कळलं नसेल. कळायचं तेवढं कळलं.

ललितानं फरहतला मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं आधी गिलासाकडं पाहिलं, मग आईच्या ओल्या हनुवटीकडं. ओढणीच्या टोकानं ती हनुवटी पुसली. मग पुन्हा पुसली. ती आता कोरडी होती तरी पुसत राहिली.

"तीन गिलास," ती म्हणाली. "माह्या हातानं."

बाहेर माणसं जमली होती. कोतवाल बुधू दारातून सगळं ऐकत होता. फरहत उठली आणि अंगणात आली. वर्गात हात वर करायला लागल्यापासून तिला स्वतःचा आवाज फार आवडायचा. आता तो नको असताना वापरायचा होता.

"मी कोटऱ्याच्या कय्यूमभाईची पोरगी हावो," ती म्हणाली. "तो कागद सरकारचा नाई. माहा हाय. मी चुकीचा लिव्हला. ह्या बोरिंगचं पाणी पिऊ नका. ज्यायनं पेलं त्यायनं लपवू नका. मले शिव्या द्या, पण पाणी फेका."

मग बोरिंगवरच्या एका बाईनं डोक्यावरची घागर तिरकी केली आणि अंगणातच ओतून दिली. दुसरीनं ओतली. कोतवालानं लाल अक्षरांचा कागद चार घड्या करून खिशात घातला, डफड्यावर काठी मारली आणि गल्लीत शिरला. थोड्या वेळानं त्याचा आवाज आला. तो नव्या कागदावरचंच सांगत होता.

कय्यूमभाईंनी आणि पत्रूभाऊनं अन्नपूर्णाबाईंना खाटेसकट उचललं. गाडीची मधली बाकं रिकामी केली गेली. रेल्वेची घाई असलेल्या माणसानंच खाटेचा एक पाय धरला. फरहतही चढायला गेली, तर ललितानं दरवाजात हात आडवा धरला.

"तू कुठी येऊन राह्यली?"

"दवाखान्यात. तुह्यासंग."

"माह्या आईजवळ मी हावो." ललिताचा आवाज कोरडा ठणठणीत होता. "बुधरीवहिनीच्या हातात तुहा कागद हाय. जांभूळहेटीत कोण सांगीन? तिकडं जा."

"बेटा, एकटी कशी..." अब्बा म्हणाले. पण गाडीत आधाराला माणूस लागणार होता, आणि खाटेचं डोकं त्यांच्याच हातात होतं. ते एकदा मुलीकडं, एकदा खाटेकडं पाहत राहिले.

"पोट्टीसंग मी जातो," गल्लीतून परत आलेला कोतवाल म्हणाला.

गाडी सुटली. ललितानं खिडकीतून मागं पाहिलं नाही.

जांभूळहेटीची वाट सागाच्या जंगलातून होती. पानं एवढी मोठी आणि ओली, की अंगावर कोणी थपडा मारल्यासारखी बसत. कोतवाल म्हातारा असून फरहतच्या पुढं चालत होता. डफडं त्याच्या पाठीवर आपोआप वाजत होतं. वाटेत ओहोळ लागला. त्याच्या ओल्या काठावर बाईच्या पावलांचे ताजे ठसे होते, पलीकडं जाणारे. कोतवालानं वाकून पाहिले.

"गेली ती. तास झाला असन."

"धावू?"

"धाव ना. मी येतोच."

ती धावली. कुशीत कळ आली तरी धावली. मनातल्या मनात अल्लाला सांगत होती, की बुधरीला उशीर होऊ दे, तिचा पाय मुरगळू दे, कागद भिजू दे, पावसानं शाई पुसली जाऊ दे. मग लाज वाटली. एका चालत्या बाईचा पाय मुरगळू दे!

जांभूळहेटी म्हणजे चौदा घरं आणि मधे एक बोरिंग. बोरिंगच्या चबुतऱ्यावर पाणी सांडलेलं होतं, खूप सांडलेलं, सणासारखं. दोन लहान पोरं त्यात पाय आपटत होती. झाडाखाली माणसं बसली होती, आणि त्यांच्यामधे एक तरुण बाई हातात कागद घेऊन उभी होती. तिला वाचता येत नव्हतं. पत्रूभाऊनं सांगितलेलं पाठ करून ती पुन्हा पुन्हा सांगत होती, आणि लोक प्रत्येक वेळी तेवढ्याच आनंदानं ऐकत होते. सगळ्यांचे ओठ ओले होते.

फरहत थांबली. श्वास पुरत नव्हता. तिनं सांगितलं तेव्हा ते कोणालाच नीट ऐकू गेलं नाही; कोतवाल मागून आला आणि त्यानं गोंडीत सांगितलं. झाडाखालचा आवाज हळूहळू बंद झाला. चबुतऱ्यावरच्या पोरांना एका म्हातारीनं बखोट धरून ओढून काढलं.

"कोणी कोणी पेलं?" फरहतनं विचारलं.

कागद हातात घेतलेली बुधरीच म्हणाली, "सगळ्यायनंच. तीन दिवसापासून उकळून उकळून पेत होतो. आज थंड पाणी भेटलं."

फरहतनं कमरेची पिशवी काढली. नव्या यादीचे उरलेले कागद होते, पाठीमागं कोरे. पेन होतं. वेबसाइट पाच-सहा कोसांवर होती. इथून काही नेता येणार असेल तर ते आता हातानं लिहूनच न्यायचं होतं. डॉक्टरांना कळायला पाहिजे होतं, की इथं किती सलाइन लागतील, किती गोळ्या, कोण म्हातारं, कोण लहान.

"नावं सांगा," ती म्हणाली. "एकेक. घराप्रमाणं."

"नाव लिव्हून आमी वाचतो का?" झाडाखालून एक माणूस म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, खरोखरचा प्रश्न होता.

"मले ठाव नाई, भाऊ. पण नाई लिव्हलं तर गाडी येणारच नाई."

बुधरी पुढं आली, चबुतऱ्याच्या कोरड्या कडेवर जड होऊन टेकली, आणि तेव्हा फरहतला दिसलं, की तिला सातवा-आठवा महिना असावा. दोन कोस ती ही अशी चालत आली होती, कागद भिजू नये म्हणून पोलक्यात खोचून.

"लिव्ह. बुधरी आतराम," ती म्हणाली. "दोन गिलास पेली."

फरहतनं लिहिलं.

"आन् हा?" बुधरीनं पोटावर हात ठेवला. "ह्याचं काय लिव्हशील?"

फरहतचं पेन कागदावर टेकलेलं होतं आणि शाईचा ठिपका मोठा होत चालला होता. कोतवाल दुसरीकडं पाहू लागला.

"तुमच्याच ओळीत लिव्हतो," ती शेवटी म्हणाली. "म्हणजे डॉक्टर पहिले तुमच्याकडं येतीन."

तिनं तसं लिहिलं, आणि लिहिलेल्यावर बोट ठेवून बुधरीला मोठ्यानं वाचून दाखवलं, प्रत्येक शब्द. मग पुन्हा एकदा वाचून दाखवलं. झाडाखालची म्हातारी पोरांची बखोटं तशीच धरून ओळीत येऊन उभी राहिली.